इंजेक्टरमधलं ज्वलन संगणकावर: टर्ब्युलन्सच्या आधी ऑक्सिजनकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रॉकेट इंजिनाचा एकच कोअॅक्सियल (एकात एक दोन नळ्यांचा) इंजेक्टर, मधल्या नळीतून द्रव ऑक्सिजन, भोवतीच्या कड्यातून हायड्रोजन वायू, चेंबरचा दाब 60 बार. पहिल्या रनमध्ये तुम्ही ऑक्सिजनचे 100 मायक्रॉनचे थेंब सोडलेत. दुसऱ्यात थेंब काढून ऑक्सिजनलाही आदर्श वायू मानलंत. दोन्हीत टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीसाठी, के-एप्सिलॉन मॉडेल आणि ज्वलनासाठी एका पायरीचं एडी डिसिपेशन. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) छान खाली गेले, पण कमाल तापमान 4900 केल्विन दिसतंय, दुसऱ्या रनमधली ज्वाला लांबच लांब गेली आहे आणि भिंतीत जाणारी उष्णता मोजमापाशी जुळत नाही. आता टर्ब्युलन्स मॉडेल बदलू, की थेट एलईएसकडे (मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवणाऱ्या महागड्या पद्धतीकडे) जाऊ, असं तुम्ही विचारता.

इतक्यात दोन्ही नको. तुमची गाडी टर्ब्युलन्सवर अडलेलीच नाही. ती त्याच्या बरीच आधी, ऑक्सिजन म्हणजे नेमका कोणता पदार्थ आहे या प्रश्नावर अडली आहे. तो सुटेपर्यंत एलईएस केलंत तर तीच चूक शंभरपट खर्चात, हलत्या चित्रात दिसेल.

तापमानाचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून फक्त पाणी होतं असं एकाच पायरीत सांगितलं, की सगळी उष्णता पाण्याच्या वाफेत जाते आणि आकडा 5000 च्या आसपास पोचतो. प्रत्यक्षात 3000 केल्विनच्या पुढे पाणी पाणी राहत नाही. त्याचे ओएच, एच, ओ असे तुकडे होतात आणि ते तुटताना बरीच उष्णता शोषली जाते. म्हणून या दाबाला खरं कमाल तापमान साधारण 3500 केल्विनच्या घरात राहतं. नासाचा सीईए किंवा कँटेरा यांपैकी एक प्रोग्राम घेऊन समतोल तापमान काढायला पाच मिनिटं लागतात. कुठलाही रन लावण्याआधी तो आकडा काढून टेबलावर चिकटवून ठेवा. सिम्युलेशनमधलं तापमान त्याच्या फार वर गेलं, तर पुढचं चित्र बघायचीही गरज नाही.

आता मूळ मुद्दा. ज्या बिंदूपुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही तो क्रांतिक बिंदू. ऑक्सिजनचा क्रांतिक दाब 50.4 बार आणि क्रांतिक तापमान 154.6 केल्विन. तुमचा चेंबर 60 बारांवर आहे, म्हणजे दाब क्रांतिक बिंदूच्या वर, पण ऑक्सिजन आत शिरतो तो 85-90 केल्विनला, म्हणजे तापमान खूपच खाली. या अवस्थेला आम्ही ट्रान्सक्रिटिकल म्हणतो. तिथे शुद्ध ऑक्सिजन तापवत नेला तर तो उकळत नाही. द्रव आणि वायू यांच्यात सीमा नसते, पृष्ठताण नसतो, बाष्पीभवनाची सुप्त उष्णता नसते. पण म्हणून बदल हळूहळू होतो असंही नाही. 60 बारांवर साधारण 160 केल्विनच्या आसपास विशिष्ट उष्णतेचं टोकदार शिखर येतं, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे दहा केल्विनच्या आत घनता निम्म्यावर येते. उकळणं नाही, पण उकळण्याची सावली आहे.

थेंबांचं मॉडेल नेमकं ज्या गोष्टींवर उभं आहे त्या इथे नाहीतच. थेंब कधी फुटेल हे सांगणारा वेबर अंक पृष्ठताणावर चालतो, थेंबाचं आटणं सुप्त उष्णतेवर. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या लाम्पोल्ड्सहाउझेनच्या रॉकेट चाचणी केंद्रात मायर आणि तामुरा यांनी जळत्या ऑक्सिजन-हायड्रोजन जेटची छायाचित्रं घेतली. क्रांतिक दाबाच्या खाली त्यांत थेंब आणि तुटणारे तंतू दिसतात. दाब वर गेला की थेंब नाहीसे होतात, आणि दाट गाभ्याच्या कडेने पिंजलेल्या कापसासारखे धागे निघून विरघळताना दिसतात. हे फोटो एकदा शांतपणे बघा. तुमचे 100 मायक्रॉनचे थेंब त्यात कुठेही सापडणार नाहीत.

एक अपवाद लक्षात असू द्या. वरचं सगळं शुद्ध ऑक्सिजनबद्दल आहे. मिश्रणाचा क्रांतिक दाब वेगळा असतो, आणि गार ऑक्सिजनमध्ये गार हायड्रोजन मिसळला की तो बराच वर जातो. त्यामुळे प्रज्वलनाच्या आधी, दोन्ही गार असताना, पृष्ठताण पुन्हा डोकं वर काढू शकतो. ज्वाला पेटल्यावर मात्र ती दोघांच्या मध्ये उभी राहते आणि ऑक्सिजनला प्रामुख्याने गरम वायूच भेटतात, म्हणून एकाच प्रावस्थेचं मॉडेल सहसा निभावून नेतं. आणि इंजिन थ्रॉटल करून दाब 10 बारांवर आणलात, तर थेंबांचं मॉडेल पुन्हा हक्काने वापरा. तिथे ते बरोबर आहे.

दुसऱ्या रनचं काय झालं ते आकड्यांत दाखवतो. फ्रान्समधल्या ओनेरा या संशोधन संस्थेच्या मास्कॉट चाचणी-बेंचवरची 60 बारांची चाचणी या क्षेत्रात सगळे वापरतात. 2001 मध्ये लाम्पोल्ड्सहाउझेनच्या कार्यशाळेत ती तुलनेसाठी ठेवली गेली. ऑक्सिजन 85 केल्विन, सेकंदाला 100 ग्रॅम, नळीचं तोंड 5 मिमी. हायड्रोजन 287 केल्विन, सेकंदाला 70 ग्रॅम. या स्थितीत ऑक्सिजनची खरी घनता घनमीटरला सुमारे 1180 किलो आहे. आदर्श वायूचं सूत्र त्याच दाब-तापमानाला 272 किलो देतं. तुम्ही इनलेटला वस्तुमान प्रवाह ठरवून दिलात, तर सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) बिचारा तेवढं वस्तुमान पोचवण्यासाठी वेग वाढवतो. खरा वेग सेकंदाला 4.35 मीटर, तुमचा जवळपास 19 मीटर. हायड्रोजन 236 मीटर वेगाने येतो, त्याची घनता साधारण साडेपाच किलो. दोन्ही प्रवाहांच्या संवेग फ्लक्सचं (घनता गुणिले वेगाचा वर्ग) गुणोत्तर, हायड्रोजन भागिले ऑक्सिजन, काढा: खऱ्या घनतेने ते 13-14 येतं, आदर्श वायूने 3 च्या थोडं वर. कोअॅक्सियल जेटमध्ये दाट गाभा किती लांब टिकणार हे मुख्यतः याच गुणोत्तरावर ठरतं. बाहेरच्या वायूचा जोर जितका जास्त, तितका गाभा लवकर सोलला जातो. तुम्ही तो जोर नकळत चौपट कमी केलात, म्हणून ज्वाला लांबली. यात के-एप्सिलॉनचा काही दोष नाही.

तर पहिलं काम: खऱ्या वायूचं अवस्था समीकरण, म्हणजे दाब, तापमान आणि घनता यांचं नातं. सोआव-रेडलिक-क्वाँग 1972 चं, पेंग-रॉबिन्सन 1976 चं. दोन्ही एक त्रिघाती समीकरण सोडवण्याइतकी स्वस्त, म्हणून दोन्ही प्रचलित. दाट, गार बाजूला घनतेत थोडी चूक राहते, आणि केरोसिनसारख्या जड इंधनाला ती जास्त असते. तिथे आकारमानाची दुरुस्ती लावतात. नुसती घनता बदलून थांबू नका. एन्थाल्पी आणि विशिष्ट उष्णता त्याच समीकरणातून काढल्या पाहिजेत, नाहीतर घनता एका जगातली आणि ऊर्जा दुसऱ्या जगातली असा प्रकार होतो. हे मी अनेकांच्या केसमध्ये पाहिलं आहे: घनतेला पेंग-रॉबिन्सन, विशिष्ट उष्णतेला नेहमीचे नासाचे बहुपदी. मग 160 केल्विनचं ते शिखर गायब होतं, आणि ऑक्सिजन हव्या त्यापेक्षा फार कमी उष्णतेत फुलतो. स्निग्धता आणि उष्णतावाहकतेसाठी चंग यांची पद्धत चालते. शेवटी कूलप्रॉप या प्रोग्राममधून किंवा निस्टच्या (अमेरिकेच्या मानक संस्थेच्या) तक्त्यातून 80 ते 400 केल्विनचे आलेख काढा आणि सॉल्व्हर वापरतोय त्या मूल्यांवर ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे.

हे केलंत की दुसरी अडचण येईल, आणि तिचा सामना करायची तयारी ठेवा. रन फुटेल. मेशच्या, म्हणजे गणनेच्या जाळीच्या, शेजारच्या दोन सेलमध्ये घनता दोनशे पटींनी वेगळी, वर अवस्था समीकरण वाकडंतिकडं. नेहमीची संवर्धक पद्धत वस्तुमान, संवेग, ऊर्जा काटेकोर जपते, पण त्या मिश्र सेलमधून दाब उलटा काढताना तो शेजाऱ्यांपेक्षा वेगळा येतो. तिथून खोट्या दाबलहरी उठतात. कधी त्या नुसत्या गोंगाटासारख्या राहतात, कधी तापमान ऋण होऊन सगळं थांबतं. अशा वेळी हात आपोआप फर्स्ट-ऑर्डर अपविंड या जाड्याभरड्या पद्धतीकडे जातो. रन चालतो, पण ज्या सीमेसाठी एवढा खटाटोप केला ती सीमाच पुसली जाते. यावर डबल-फ्लक्स पद्धत आहे, किंवा ऊर्जेऐवजी दाबाचं समीकरण सोडवण्याची पद्धत आहे. दोन्हीत दाब गुळगुळीत राहतो आणि ऊर्जेच्या हिशेबात थोडी गळती होते. ती किती हे मोजून नोंदवायला हवं. तुमचा सॉल्व्हर कितपत भरवशाचा आहे हे बघायला एक साधी परीक्षा: एकमितीय नळी, सगळीकडे समान दाब, समान वेग, मध्ये गार ऑक्सिजनचा एक पट्टा. तो फक्त पुढे सरकला पाहिजे, दाबाची रेषा सपाट राहिली पाहिजे. ज्या सॉल्व्हरला हे जमत नाही, त्याला मी इंजेक्टर देत नाही.

आता नळीच्या ओठाकडे या. मास्कॉटच्या त्या इंजेक्टरमध्ये ऑक्सिजनच्या तोंडाचा व्यास 5 मिमी आणि हायड्रोजनच्या कड्याचा आतला व्यास 5.6 मिमी, म्हणजे मधला धातूचा ओठ फक्त 0.3 मिमी जाड. अख्खी ज्वाला या ओठाला धरून उभी असते. एका बाजूने 85 केल्विनचा दाट ऑक्सिजन हळू सरकतोय, दुसऱ्या बाजूने हायड्रोजन सुसाट जातोय, आणि ओठाच्या मागे जो छोटा भोवरा फिरतो त्यात 3000 केल्विनच्या वरचे वायू अडकलेले असतात. ऑक्सिजनपासून ज्वालेपर्यंत तापमानाची उडी तीन हजार केल्विनची, आणि अंतर मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाचं. मला लोक मेश दाखवतात तेव्हा मी एकूण सेल विचारत नाही, या ओठावर किती आहेत ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा तीन किंवा चार असतं. मग तो भोवरा मेशमध्ये तयारच होत नाही. ज्वाला एकतर ओठापासून सुटते, किंवा मॉडेलच्या सक्तीने चिकटते आणि आपल्याला ती बरोबर वाटते. निदान पंधरा-वीस सेल ओठाच्या जाडीवर द्या, तिथून खाली दहा-पंधरा व्यासांपर्यंत हळूहळू वाढवा, आणि चेंबरच्या मागच्या भागात खुशाल कंजुषी करा. ओठाच्या भिंतीला अॅडियाबॅटिक (उष्णता आरपार न जाऊ देणारी) अट लावलीत तर तो धातू सिम्युलेशनमध्ये वितळेल इतका तापेल. शक्य असेल तर धातूतलं उष्णतावहनही सोबत सोडवा. मिथेनच्या बाबतीत तर यावरून ज्वाला कुठे टेकते हेच बदलू शकतं.

रसायनाबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात, निदान हायड्रोजनच्या बाबतीत. आठ प्रजाती आणि वीसेक अभिक्रियांची सिद्ध यंत्रणा (अभिक्रियांचा संच) उपलब्ध आहे. या दाबाला अभिक्रिया इतक्या वेगवान असतात की ज्वाला पातळ पापुद्र्यासारखी राहते आणि सहज विझत नाही. म्हणून फ्लेमलेटचं, म्हणजे अशा पातळ ज्वालेची आधीच सोडवून ठेवलेली उत्तरं देणारं, कोष्टक बनवून वापरणं इथे चांगलं बसतं. प्रत्यक्ष अभिक्रिया होतात ती जागा गरम असते आणि तिथे वायू जवळपास आदर्शच वागतो. खऱ्या वायूचे सगळे खेळ गार बाजूला. मिथेन असेल तर सावध राहा. जीआरआय-मेक 3.0 ही यंत्रणा हाताशी असते म्हणून सगळे तीच उचलतात. तिच्यात 53 प्रजाती आणि 325 अभिक्रिया आहेत, पण ती सुमारे 10 अॅटमॉस्फिअरपर्यंतच्या प्रयोगांवर बसवलेली आहे. 60-100 बारांसाठी उच्च दाबावर तपासलेली यंत्रणा शोधा. आणि फ्लेमलेटच्या कोष्टकात उष्णता गमावण्याचा अक्ष नसेल, तर थंड भिंतीजवळ तुटलेले तुकडे पुन्हा जोडले जाऊन जी उष्णता सुटते ती तुमच्या हिशेबात येणारच नाही. भिंतीवरचा फ्लक्स कमी येण्याचं हे एक नेहमीचं कारण.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर माझा एक अनुभव सांगतो, कारण तुम्ही त्याच वळणावर उभे आहात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वायू-वायू इंजेक्टरचा उष्णता फ्लक्स मला जुळवायचा होता. शिखर मोजमापापेक्षा खाली आणि थोडं पुढे येत होतं. मी टर्ब्युलंट प्रँटल अंक (खळबळ उष्णता किती पसरवते हे ठरवणारा स्थिरांक) 0.9 वरून खाली आणत गेलो, 0.6 च्या जवळ सगळं सुंदर बसलं. तीन आठवडे गेले होते, अहवाल लिहून झाला. मग त्याच इंजेक्टरचा दुसऱ्या मिश्रण गुणोत्तराचा डेटा आला आणि माझी रेषा कुठल्या कुठे गेली. शेवटी कळलं ते असं: चाचणी काही सेकंदांचीच होती, भिंत त्या वेळात सतत तापत होती, आणि मी मात्र ती सगळीकडे 300 केल्विनला धरली होती. थर्मोकपलचे आकडे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होते, मी ते उघडून बघितले नव्हते. मोजलेलं भिंतीचं तापमान लावलं आणि भिंतीलगतचा मेश वाय-प्लस 1 पर्यंत, म्हणजे अगदी बारीक, नेला, तेव्हा 0.9 वरच दोन्ही चाचण्या बऱ्यापैकी बसल्या. तेव्हापासून माझा नियम आहे: एका चाचणीवर बसवलेला स्थिरांक दुसऱ्या चाचणीवर न हलवता चालला, तरच तो जुळला म्हणायचं.

आता एलईएस. तुम्हाला भिंतीवरची सरासरी उष्णता आणि ज्वालेची लांबी हवी आहे. त्याला अक्षसममित रॅन्स (फक्त सरासरी प्रवाह सोडवणारी पद्धत) पुरतं. एक-दोन लाख सेल, एक चांगला डेस्कटॉप, एक-दोन रात्री. एलईएसचा हिशेब असा करा. ओठाजवळ 10 मायक्रॉनचा सेल, हायड्रोजनमधला ध्वनीवेग सुमारे 1300 मीटर अधिक प्रवाहाचा वेग, म्हणजे एक्स्प्लिसिट पद्धतीत एक टाइम-स्टेप साडेसहा नॅनोसेकंदांची. फक्त 10 मिलिसेकंदांचं चित्र हवं तरी पंधरा लाख स्टेप, आणि त्याही कोट्यवधी सेलवर. खर्च वाचवायला एलईएस द्विमितीत करण्याचा मोह होतो. तो कृपया टाळा. भोवरे ताणले जाऊन लहान होतात ते तिसऱ्या मितीमुळे. द्विमितीत ते एकत्र येऊन मोठे होत जातात, आणि दिसणारं मिश्रण निसर्गात नसलेलं असतं.

पण एक प्रश्न असा आहे की तिथे रॅन्स हात टेकतं आणि एलईएसशिवाय गत्यंतर नाही: ज्वलनाची अस्थिरता. 1962 मध्ये चंद्रमोहिमेच्या एफ-1 इंजिनाने याच कारणाने अभियंत्यांची झोप उडवली होती. चालू चेंबरमध्ये छोटे स्फोट घडवून तो धक्का किती वेळात विरतो हे ते मोजत होते, आणि इंजेक्टरची रचना व लहरी अडवणारे बॅफल बदलत पूर्ण आकाराच्या सुमारे 2000 चाचण्या कराव्या लागल्या. तत्त्व रेले यांनी 1878 मध्येच सांगितलं होतं: दाब वाढलेल्या क्षणी उष्णता सुटली तर लहर पोसली जाते. अवघड आहे ते ती उष्णता कधी सुटेल हे सांगणं, कारण ते ऑक्सिजनचा गाभा लहरीत कसा हलतो यावर ठरतं.

लाम्पोल्ड्सहाउझेनचा बीकेडी चेंबर यासाठी अभ्यासण्यासारखा आहे. व्यास 80 मिमी, 42 कोअॅक्सियल इंजेक्टर, आणि काही कार्यस्थितींत तो बाहेरून धक्का न देताच पहिल्या स्पर्शीय मोडमध्ये (दाबलहर चेंबरच्या आडव्या छेदात हलते तो), 10 किलोहर्ट्झच्या आसपास, डोलू लागतो. हा आकडा तुम्ही पाकिटाच्या पाठीवर काढू शकता: 1.84 गुणिले ध्वनीवेग, भागिले π (पाय) गुणिले व्यास. ध्वनीवेग 1500 धरला तर 11 किलोहर्ट्झच्या जवळ येतो. त्यावर झालेल्या कामातून पुढे आलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: ऑक्सिजनच्या नळ्यांची स्वतःची अनुनाद वारंवारता चेंबरच्या मोडशी जुळते तेव्हा हा त्रास सुरू होतो. म्हणजे डोमेन (गणनेचं क्षेत्र) इंजेक्टरच्या तोंडापाशी कापून तिथे ठरावीक प्रवाह लावलात, तर अस्थिरतेचं मूळच कापून टाकलंत. नळ्या आत घ्या, शक्यतो डोमही (जिथून नळ्यांना ऑक्सिजन मिळतो ती पोकळी) घ्या. दुसऱ्या टोकाला नॉझलचा घसा आत असू द्या. तो कापलात तर न परावर्तित होणारी सीमा लावून खऱ्या घशाचं परावर्तनही हरवतं.

एक सूचना मनापासून करतो. थेट 60 बारांच्या द्रव ऑक्सिजनपासून सुरुवात करू नका. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा एक इंजेक्टर आहे, वायू ऑक्सिजन आणि वायू मिथेन, 20 बार, 12 मिमी चौकोनी चेंबर, ओठ 0.5 मिमी. त्यात ट्रान्सक्रिटिकल भानगड नाही, आणि भिंतीवरचा दाब व उष्णता दोन्ही मोजलेल्या आहेत. आधी तो जुळवा. तिथे रसायन, भिंत आणि मेश यांवर हात बसला, की मग मास्कॉटला फक्त अवस्था समीकरण नवीन राहील, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते कळेल.

आज रात्री एवढंच करा: 60 बारांवर ऑक्सिजनची घनता आणि विशिष्ट उष्णता 80 ते 400 केल्विनपर्यंत सॉल्व्हरमधून काढा, निस्टच्या रेषेवर ठेवा, आणि इनलेटवर वेग खरोखर किती येतोय तो बघा. तो सेकंदाला चार-साडेचार मीटरच्या आसपास आला, तर पुढच्या रनला बसा.